आई काय गायची ते कळव

४ फेब्रुवारी

पत्राच्या माथ्यावर काय लिहावं ते कळेना. आशीर्वाद लिहिले तर ते तुला नको असतील, आणि नाव लिहायला गेलो तर हात अडला. म्हणून सरळ कामाचं लिहितो.

आई काय गायची ते कळव.

काम एवढंच आहे. इथे वाचायचं थांबलीस तरी चालेल. माझा पत्ता घालून एक कार्ड सोबत ठेवलं आहे, तिकीट लावलेलं आहे.

पुढे वाचणार असशील तर थोडं सांगतो. तुझी आई आता माणसं ओळखत नाही. मला ती मिस्त्री म्हणते. सकाळी चहा हातात दिला की विचारते, "मिस्त्री, नळ झाला का दुरुस्त?" सुरुवातीला मी सांगायचो, अगं मी तुझा नवरा. त्यावर ती घाबरायची, दाराकडे बघायची. आता मी म्हणतो, "होत आला." ते तिला पटतं. माझा जन्म कागद कारखान्याच्या बॉयलरवर गेला, तेव्हा मिस्त्री म्हणणं अगदीच खोटं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी तिला केंद्रात नेतो. टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या माणसांसाठी जागा आहे. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात आणि मध्ये एक बाई कीबोर्ड घेऊन बसतात. पूर्वी त्या नर्स होत्या. त्या म्हणतात, नावं आधी जातात, गाणी सगळ्यात शेवटी. ज्याचं त्याचं गाणं सापडलं की माणूस थोडा वेळ परत येतो. मी विचारलं, बरा होतो का? त्या म्हणाल्या, "आजार बरा होत नाही काका. दिवस बरा जातो."

मग त्यांनी कागद पुढे ओढला.

"काकूंना कोणती गाणी आवडायची?"

"माहीत नाही."

"घरात काय गुणगुणायच्या?"

"आमच्या घरात गाणं नव्हतं."

त्यांनी त्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षांत एखादं माणूस एकदाही गुणगुणलं नाही, असं होत नाही हो. तुम्हाला मुलंबाळं आहेत ना? त्यांना विचारा."

मी बावीस वर्षं रात्रपाळी केली ते तुला ठाऊक आहे. दिवसा झोपायचो. दिवसा झोपणाऱ्याच्या घरात आवाज करून चालत नाही. मी तसा नियम केला होता, तो पाळला गेला. त्यात चूक होती असं म्हणायला मी बसलेलो नाही. पण त्यामुळे आज मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, ही गोष्ट खरी आहे.

फोन केला नाही, कारण तू उचलणार नाहीस. आणि उचललास तर मला बोलता येणार नाही.


१९ फेब्रुवारी

कार्ड आलं नाही. टपाल उशिरा येतं कधी कधी. तक्रार नाही.

दरम्यान काय काय केलं ते कळवतो. बाईंनी आमच्या तरुणपणची सिनेमातली गाणी एकामागून एक वाजवली. बाकीच्यांना लागू पडतात, ते मी डोळ्यांनी बघितलं. एक निवृत्त पोस्टमन आहेत. दोन वर्षं तोंडातून ब्र काढला नाही असं त्यांची सून सांगते. पण एक ठरावीक गाणं सुरू झालं की अख्खी तीन कडवी म्हणतात, एक शब्द इकडचा तिकडे नाही. गाणं संपलं की पुन्हा दार बंद. एक मुख्याध्यापिका होत्या, त्या काठीने जमिनीवर ठेका धरतात आणि ज्याचा चुकेल त्याला "उभा राहा" म्हणतात. परवा मला उभं केलं. मी राहिलो उभा.

तुझ्या आईवर मात्र पालथ्या घड्यावर पाणी. गाणं चालू असताना ती आपल्या कपड्याची किनार चिमटीत धरून इंच इंच पुढे सरकवत बसते. टोकाला पोचली की पुन्हा पहिल्यापासून. बाई म्हणाल्या, हे काय करतात? मी म्हणालो, सवय आहे.

अंघोळीचं लिहितो. लिहू की नको असं दोनदा झालं. तिला पाण्याची भीती बसली आहे. तांब्या उचलला की ओरडते, ओरबाडते. माझ्या हातांवर खुणा आहेत. भाजीवाल्याने विचारलं, मांजर पाळलंय का? मी हो म्हणालो. आता तो रोज मांजराची चौकशी करतो. आज तिच्या अंघोळीला अकरा दिवस झाले. ओल्या फडक्याने पुसतो, तेही ती धड करू देत नाही. जेवण चार घास. तिचं वजन गेल्या वर्षाच्या मानाने सात किलोंनी उतरलं आहे.

डॉक्टर मला विचारतात, "आणि तुम्हाला कसं वाटतं?" मी सांगतो, काही वाटत नाही. त्यांना वाटतं, मी बरं आहे म्हणतोय. ते पुढच्या पेशंटला बोलावतात.

एका संस्थेचा अर्ज आणून ठेवला आहे. शहराबाहेर आहे, स्वच्छ आहे, बघून आलो. एका खोलीत चार खाटा. एक एप्रिलपासून जागा होते आहे. अर्ज भरून झाला आहे, सही राहिली आहे. बाईंना हे सांगितलेलं नाही. त्या अजून गाणं शोधतायत.

तुला सांगतो आहे ते तुझी संमती मागायला नाही. तुला माहीत असावं म्हणून.


३ मार्च

कार्ड मिळालं. तीन वाक्यं आहेत, मी ती पाठ होईपर्यंत वाचली. "आई शिवताना गायची. तुम्ही झोपलेले असताना. मशीन कुठे आहे?"

कार्डावर तुझ्या कामाच्या जागेचा शिक्का होता. तू दातांच्या कवळ्या बनवतेस हे मला त्यावरून कळलं. चांगलं काम आहे. हाताचं काम आहे.

मशीन नाही. तीन वर्षांपूर्वी सुई तिच्या बोटातून आरपार गेली. तिने हात ओढला नाही, पाय चालवत राहिली. मी धावून चाक धरलं. दुसऱ्या दिवशी मशीन उचलून कोपऱ्यावरच्या शिंप्याला देऊन टाकलं. ती दोन दिवस त्या जागी स्टूल घेऊन बसत होती. मग बसायची बंद झाली.

तुझं कार्ड टेबलावर आहे आणि मला आणखी एक लिहायचं आहे. ते लिहिल्याशिवाय दुसरं काही मागणं बरोबर नाही.

सहा वर्षांपूर्वी तू चार दिवस राहायला आली होतीस. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, "बाबा, आई विसरतेय. एकच गोष्ट पाच वेळा विचारते. तिला डॉक्टरकडे न्या." मी म्हणालो, तुझ्याच डोक्यात फरक पडलाय. तू म्हणालीस, "तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही तिच्याकडे कधी बघितलंच नाही." त्यावर मी तुझी बॅग उचलून दाराबाहेर ठेवली. आई मध्ये उभी होती. तिला वाटलं तुझी गाडी आली. तिने तुला हात केला.

हे तुला माहीत आहे. आता जे माहीत नाही ते लिहितो.

त्याच्या वर्षभर आधी तिने मला शर्ट शिवला होता. घालायला गेलो तर उजव्या बाजूला डावी बाही. दोन्ही डाव्या. जिने मुलींच्या शाळेचे दोनदोनशे गणवेश एका दमात शिवले, एक टीप वाकडी नाही, तिने. मी शर्ट काढला, घडी केली आणि कारखान्यात नेऊन भट्टीत टाकला. घरी येऊन सांगितलं, छान झालाय, सगळ्यांनी विचारलं कोणी शिवला. ती खूश झाली.

म्हणजे मला माहीत होतं. तुझ्याआधी वर्षभर. तू म्हणालीस मी बघितलं नाही. बघितलं होतं. पुढची दोन वर्षं डॉक्टरकडे नेलं नाही, ते बघितलं म्हणूनच नेलं नाही. त्या दोन वर्षांत औषध सुरू झालं असतं तर काय झालं असतं, असं मी डॉक्टरना एकदा विचारलं. ते म्हणाले, फार फरक पडला नसता, थोडा पडला असता. तो थोडा म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

हे सगळं लिहून मला हलकं वगैरे वाटलेलं नाही. फक्त लिहून झालं.

ती काय गायची?


१७ मार्च

तुझं पत्र शनिवारी आलं. माझ्या पत्रातल्या त्या गोष्टीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. ठीक आहे.

तू लिहिलंस, ते गाणं रेडिओवर नव्हतं, कुठल्या सिनेमात नव्हतं, आईने स्वतःच शिवता शिवता जुळवलं होतं. म्हणून ते आम्हाला कुठे सापडलं नसतं. शब्द लिहून दिलेस, आणि खाली, "चाल लिहिता येत नाही. मशीनच्या पायाबरोबर चालते." फोनवर म्हणून दाखवशील का असं मी विचारणार होतो, पण तू खालीच लिहिलं होतंस, "म्हणून दाखवायला सांगू नका. मला जमणार नाही." तेव्हा विचारत नाही.

मी कागद घेऊन बाईंकडे गेलो नाही. का ते सांगता येणार नाही. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो. ती किनार चाचपत होती. मी चष्मा लावला आणि वाचलं. मला गाता येत नाही. कारखान्यात फळ्यावरची सूचना मोठ्याने वाचून दाखवायचो, तसं वाचलं.

"सुई गं सुई, जाशील कुठं? दोरा नेईल तिथं. दोरा रे दोरा, थांबशील कुठं? गाठ पडेल तिथं."

तिचा हात थांबला. बाकी काही झालं नाही. मी पुढचं वाचलं.

"कॉलर रे कॉलर, ताठ कशाला? साहेबाच्या गळ्याला. बाही गं बाही, लांब कशाला? हात वाढेल, थांब."

ती म्हणाली, "चुकलं."

"काय चुकलं?"

"सगळंच चुकलं. मिस्त्री, असं नसतं हो ते." चांगलीच वैतागली होती. माझ्याकडे बघून वैतागली होती. दाराकडे नाही, भिंतीकडे नाही. इतक्या महिन्यांत तिने माझ्याकडे बघून काही म्हटलेलं नव्हतं, नळ सोडून.

"मग कसं असतं?"

तिचा उजवा पाय जमिनीवर हलायला लागला. टाच, चवडा, टाच, चवडा. मला वाटलं पाय थरथरतोय, म्हणून मी धरायला वाकलो. तेवढ्यात वरून आवाज आला. बारीक, पण सरळ. अख्खं म्हणाली. "कुठं" हा शब्द ती लांबवते आणि मग मशीनचं चाक हाताने थांबवावं तसं एकदम तोडते. मी तो वाचून मारला होता. दोनदा म्हणाली. मग तिसऱ्यांदा म्हणताना तिने पुढचं कडवं घेतलं, तू शेवटी लिहिलेलं. मी ते वाचलं नव्हतं. मुद्दामच वगळलं होतं, कारण ते कुणाबद्दल आहे हे मला दोनदा वाचल्यावर कळलं होतं.

"मशीन गं मशीन, हळूच चल, आत झोपलंय अस्वल."

आणि हसली. तोंडावर हात ठेवून हसली, आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघून मला म्हणाली, "शू! हळू बोला."

मी हळू बोललो. म्हणालो, "उठेल का?"

"उठलं की खायला उठतं."

तर मी अस्वल होतो. किती वर्षं होतो, ते तू लिहिलं नाहीस. लिहायची गरज नाही. पंधरा फुटांवर माझ्या घरात हे चालू होतं आणि मी घोरत होतो. मला त्यावर काय वाटायला हवं ते मी बराच वेळ शोधत बसलो. राग नाही आला. वाईट वाटलं असंही म्हणता येणार नाही. गार पाण्यात हात खूप वेळ राहिला की बोटांना दाबलेलं कळतं, दुखलेलं कळत नाही, तसं काहीतरी.

दुपारी तिने अर्धी वाटी भात खाल्ला. हे गाण्यामुळे की भुकेमुळे, मी सांगू शकत नाही.


८ एप्रिल

एक एप्रिल होऊन गेला. अर्जावर सही केली नाही. संस्थेतून फोन आला होता, त्यांना म्हणालो, सध्या दुसऱ्या कुणाला द्या. पुढे लागणारच नाही असं मी म्हणत नाही. बाईही तेच म्हणतात. त्या म्हणतात, हे काही कायमचं नाही काका, जोवर आहे तोवर वापरून घ्या.

अंघोळीचं जमतं आहे. आधी बादली बाहेरच ठेवतो. तिला स्टुलावर बसवतो, पायाखाली लाकडी पाट देतो, म्हणजे टाच आपटली की आवाज येतो. मी सुरुवात करायची. मी चुकतो. मला चूक करावी लागत नाही, आपोआप होते. ती "असं नसतं हो" म्हणून ताबा घेते, आणि ती गात असताना मी पायांपासून पाणी घालत वर येतो. डोक्यावर पाणी फक्त अस्वलाच्या कडव्याला घालायचं. त्या वेळी ती हसत असते. एक दिवसाआड करतो. हातावरच्या खुणा गेल्या. भाजीवाल्याला सांगितलं, मांजर माणसाळलं.

केंद्रात बाईंनी ती चाल कीबोर्डवर बसवली. आता गोलातले सगळे म्हणतात. मुख्याध्यापिकांना "साहेबाच्या गळ्याला" इतकं आवडतं की त्या तिथे माझ्याकडे काठी रोखतात. पोस्टमन अजून आपलंच गाणं म्हणतात, त्यांना दुसरं चालत नाही. बाईंनी मलाही खुर्ची दिली आहे. मी म्हटलं, मी सोडायला येतो, पेशंट ती आहे. त्या म्हणाल्या, "काका, तुमचं ब्लडप्रेशर गेल्या तीनही वेळा मीच मोजलंय. बसा गुपचूप." बसतो. आवाज माझा बॉयलरच्या शिट्टीसारखा आहे, पण इथे कुणी हसत नाही. निम्म्यांना ऐकू येत नाही.

खाणं मात्र पुन्हा कमी झालं आहे. भात, पेज एवढंच घेते. पोळीचा तुकडा तोंडात फिरवते आणि काढून हातात देते. "कॉलर" म्हणताना अडखळते आणि गालाला हात लावते. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकला की गिळणं विसरतात.

तू विचारलंस, मी झोपतो का. झोपतो. स्वप्न वगैरे पडत नाही. तू एवढं विचारलंस ते मी दोनदा वाचलं. त्याचं उत्तर एवढंच आहे.


३० एप्रिल

तू शनिवारी आलीस आणि रविवारी गेलीस, तेव्हा इथे काय झालं ते तुला माहीतच आहे. तरी लिहितो. मला तोंडाने सांगता आलं नाही ते लिहून ठेवावं असं वाटतं.

तू दारात उभी होतीस. मी "ये" म्हणालो. आणि तुझ्या चपलांकडे बघत राहिलो. डाव्या चपलेचा पट्टा सुटायला आला आहे, शिवून घे.

आईने तुला बघितलं आणि म्हणाली, "या. माप द्यायला आलात ना?" मला वाटलं, आता तू म्हणशील, आई, मी आहे. तू फक्त "हो" म्हणालीस आणि हात पसरून उभी राहिलीस. तिने टेप नसताना वितीने तुझं माप घेतलं. खांदा, दंड, मनगट. म्हणाली, "दंड बारीक झालाय हो तुमचा. नीट जेवत नाही का?" तू तोंड धुवायला आत गेलीस ती पाच-सात मिनिटं आलीच नाहीस. मी चहा ठेवला. दुसरं काय करणार.

मग तू तिच्या गालाला हात लावण्याची सवय बघितलीस आणि मला न विचारता तिच्या तोंडात बोट घालून कवळी काढलीस. हिरडीवर पैशाएवढी जखम होती. वजन उतरलं, जबडा बसला, आणि जुनी कवळी आत घासत होती. डॉक्टरना दिसलं नाही. मला दिसलं नाही. गिळायला ती विसरली नव्हती, तिला दुखत होतं, आणि दुखतं हे सांगायचं ती विसरली होती. तू स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलंस, बॅगेतून कानस काढलीस आणि तासभर घासत बसलीस. लावून बघ, काढ, घास, पुन्हा लाव. मी तुझ्या हातांकडे बघत होतो. तिचेच हात आहेत. आपलेच दात आणि आपलेच ओठ असं म्हणतात, ते मला तेव्हा आठवलं, पण तो विनोद करायची माझी हिंमत झाली नाही. आता करतो.

रविवारी तुम्ही दोघी गायलात. मला म्हणून दाखवायला सांगू नका असं तू मार्चमध्ये लिहिलं होतंस, म्हणून मी सांगितलं नव्हतं. तिनेच सुरू केलं. तू दुसऱ्या ओळीला खालच्या सुरात धरलंस. मी दारात उभा होतो, हातात ताटं होती. मला सूर कळत नाहीत. दोन पाइपमधून वाफ यावी आणि पुढे एकाच पाइपात मिळावी, तेव्हा काट्यावर दाब जसा हळूच चढतो, तसं झालं. एवढंच मला कळतं. अस्वलाच्या कडव्याला तुम्ही दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. तू हसली नाहीस. पण बघितलंस.

संपल्यावर तिने तुला विचारलं, "कुणाकडे शिकलात?"

तू म्हणालीस, "आईकडे."

ती म्हणाली, "चांगलं शिकवलंय बाईने."

तू गेल्यावर ती जेवली. सोमवारी दीड पोळी. मंगळवारी दोन, आणि वर मला म्हणाली, मिस्त्री, भाजीत मीठ कमी आहे. मीठ खरोखरच कमी होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काल दुपारी केंद्रातून आल्यावर ती खिडकीशी बसली होती. मी तिच्या पायांना तेल लावत होतो. ती म्हणाली, "ती बाई परत कधी येणार?"

"कोणती?"

"गाणारी. दात नीट करून गेली ती."

मी एरवी अशा वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. काल नेली नाही. म्हणालो, "ती आपली मुलगी आहे."

मला वाटलं घाबरेल. घाबरली नाही. विचार केला आणि म्हणाली, "मग ती आपल्याकडे का नाही येत-जात?"

"मी तिला घराबाहेर काढलं होतं."

"तुम्ही?"

"हो."

"का?"

"ती खरं बोलली म्हणून."

 पाय माझ्या हातात होता, तो तिने ओढून घेतला नाही. मग म्हणाली, "हे काही बरं केलं नाहीत मिस्त्री."

"नाही केलं."

"तिला सांगितलंत का तसं?"

"नाही."

"सांगून टाका. पोरीच्या जातीला वाटत राहतं, आपलंच चुकलं."

मी म्हणालो, सांगतो. तेलाची वाटी उचलून ठेवली. पाच मिनिटांनी तिने विचारलं, नळ झाला का. तिच्या डोक्यातून ते गेलं होतं. पण मी शब्द दिला होता, आणि तो ऐकणारी दुसरी कुणी खोलीत नव्हती.

तेव्हा सांगतो. तुझं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशीही नाही, आधीही नाही. माझं चुकलं.

बाबा